डार्थ व्हेडरचं चिलखत घरी केलंय पण अंगावर टिकत नाहीये, बांधायचं कसं?

डोंगरवारा

नमस्कार मंडळी, गेले चार महिने ऑफिसमधून आल्यावर रोज दोन-दोन तास बसून मी डार्थ व्हेडरचं चिलखत केलंय आणि आता ते अंगावर राहत नाहीये, म्हणून हा धागा. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमावेड्यांच्या मेळ्याला, घालून जायचंय, हातात सात आठवडे आहेत.

मला स्टार वॉर्सच्या १९७७ च्या पहिल्या सिनेमातला व्हेडर करायचाय. पांढऱ्या चिलखतातले सैनिक बाजूला उभे, खाली प्रेतं पडलेली, फोडलेल्या दारातून धूर येतोय आणि त्या धुरातून तो काळा माणूस चालत आत येतो, तो व्हेडर. लहानपणी दादाबरोबर सीडीवर बघितला तेव्हापासून तो प्रवेश डोक्यातून गेलेला नाही. व्हिलनने यावं तर असं.

आतापर्यंत काय झालंय ते सांगतो. सगळं ईव्हीए फोममध्ये (चपलेच्या तळव्यासारखा रबरी फोम) आहे, छाती आणि पाठ १० मिलीमीटर, खांद्याच्या वाट्या ५ मिलीमीटर, वरच्या उभ्या पट्ट्या २ मिलीमीटर. टेम्प्लेट आधी तसंच छापलं आणि ते माझ्यावर टेबलासारखं दिसायला लागलं, कारण त्या पोशाखाच्या आत डेव्हिड प्राउझ होते, उंची ६ फूट ६ इंच, आणि मी ५ फूट ८. मग ८७ टक्क्यांवर आणलं तर उंचीला बसलं पण छातीला आवळायला लागलं. शेवटी बहिणीने माझ्या अंगाला स्वयंपाकघरातली प्लॅस्टिक फिल्म गुंडाळली, वरून मास्किंग टेप चिकटवली, मार्करने चिलखताच्या कडा आखल्या आणि पाठीतून कापून ते कवच काढलं, ते सपाट केलं तोच खरा पॅटर्न निघाला. कोणी करणार असेल तर आधी हेच करा, माझा दीड महिना वाचला असता.

तर अडचणी अशा. छातीचा आणि पाठीचा भाग खांद्यावर वेल्क्रोने जोडलाय, खाली बसलो की छाती वर सरकून गळ्याला लागते. हात वर केला की खांद्याची वाटी बाहेर फाकते आणि मग परत जागेवर येतच नाही. नडगीचे भाग दहा पावलांत बुटावर येऊन बसतात. आणि काल संध्याकाळी आरशासमोर उभा असताना डावी वाटी सुटून खाली पडली. उचलून बघितलं तर मी चिकटवलेला निवारीचा लूप शाबूत होता, ग्लूही शाबूत होता, फोमचाच तळहाताएवढा पापुद्रा लूपाबरोबर सोलून निघाला होता. म्हणजे ग्लूने काम केलं आणि फोम फाटला. आता याला काय करायचं ते मला खरंच कळत नाहीये.

शिवणटिपण

पहिल्यांदा, काम सुंदर झालंय, वर्णनावरूनच कळतंय. ८७ टक्क्यांचा हिशोब आवडला.

पापुद्रा निघाला त्याचं कारण सांगते. तुम्ही सगळा भार एका इंचाच्या लूपावर दिलात. फोम म्हणजे पावासारखा, चिमटीत धरून ओढला की तुकडा निघतो आणि पूर्ण तळव्याने ओढला की निघत नाही. लूपाच्या खाली आधी रेक्झिनचा किंवा जाड कॅनव्हासचा निदान चार इंची चौकोन चिकटवा, कोपरे गोल कापा कारण सोलायला सुरुवात कोपऱ्यापासूनच होते, आणि लूप त्या कापडाला शिवा, फोमला नाही. शिवताना चौकोन आणि आत फुली अशी टीप मारायची, दप्तराच्या पट्ट्याला जिथे जोड असतो तिथे बघा, तशीच. मी डोंबिवलीत बॅगा शिवते, शाळेच्या दप्तराचा पट्टा त्या फुलीवरच वर्षभर टिकतो.

आणि वेल्क्रो चिकटवायचा नसतो हो, शिवायचा असतो. मागे गोंद लावून मिळतो तो उन्हात आणि घामात सुटतो. मऊ बाजू अंगाकडच्या कापडाला, काटेरी बाजू चिलखताला, नाहीतर काटे तुमच्या झग्याचे धागे ओढत बसतील.

एडिसनकर

धागाकर्त्याला सलाम. मी गेली नऊ वर्षं इकडे न्यूजर्सीत हॅलोविनला काही ना काही करतो, दोनदा व्हेडर केलाय.

एक गोष्ट लक्षात आणून देतो ज्याने तुमचं अर्धं टेन्शन जाईल. पहिल्या सिनेमात व्हेडरचा आतला झगा चिलखताच्या वरून येतो. पुढच्या दोन सिनेमांत तो चिलखताच्या खाली गेला. तुम्ही १९७७ चा करताय म्हणजे छातीच्या खालच्या कडेपासून कमरेपर्यंत सगळं झग्याखाली आणि पट्ट्याखाली झाकलेलं असणार, तिथे तुम्ही वाट्टेल तेवढे पट्टे आणि बकल लावा, कोणाला दिसणार नाहीत. लोक दिसायला नको म्हणून बंद कमी लावतात आणि मग चिलखत लोंबतं.

मुखवट्याचंही सांगून ठेवतो, पहिल्या सिनेमातला मुखवटा नुसता काळा नाही, काळा आणि गनमेटल, म्हणजे धातूसारखा गडद राखाडी, असे दोन रंग आहेत, आणि तो डावी-उजवीकडे तंतोतंत सारखा नाही कारण शिल्पकार ब्रायन म्युअर यांनी प्राउझच्या प्लॅस्टरच्या साच्यावर मातीत हाताने घडवलाय. तुमचा एक गाल दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा आला तर घासत बसू नका.

इकडे ५०१ लीजन म्हणून १९९७ पासून चालणारी जगभरची संस्था आहे, फक्त स्टार वॉर्समधल्या वाईट बाजूच्या लोकांचे पोशाख करणाऱ्यांची. पोशाख मंजूर करून घ्यायला त्यांचे नियम कडक आहेत आणि मंडळी हे पोशाख घालून धर्मादाय कामांना जातात. त्यांनी प्रत्येक पोशाखाच्या अपेक्षा लिहून ठेवल्यात, मंजुरी नको असली तरी वाचा, कुठला भाग कशाच्या वर आणि कशाच्या खाली येतो ते नीट समजतं.

कपडेपट_काका

मी कोल्हापूरचा. तीस वर्षं ऐतिहासिक नाटकांचा कपडेपट सांभाळला, आता डोळ्यांनी साथ सोडली तशी बसून असतो. नातवाने हा धागा वाचून दाखवला, तोच टाइप करतोय.

बाळा, तुझी मूळ चूक मी सांगतो. तू चिलखत अंगाला बांधतोयस. चिलखत अंगाला बांधायचं नसतं, बंडीला बांधायचं असतं.

आमच्याकडे सरदाराचं काम करणारा नट आला की आधी त्याला जाड मांजरपाटाची दुपदरी बंडी घालायची, अंगाला घट्ट, पुढून नाड्यांनी बांधलेली. त्या बंडीला खांद्यावर, छातीवर, बगलेखाली, कमरेवर आधीच बंद शिवलेले असायचे. मग पत्र्याचा किंवा कागदाच्या लगद्याचा छातीचा भाग आणून त्या बंदांना बांधायचा. मग पाठ. मग बाहू. नट विंगेत दोन हात पसरून उभा राहायचा आणि मी त्याच्याभोवती फिरून बंद बांधायचो, प्रत्येक बंद बांधून झाला की त्याला सांगायचो, मोठा श्वास घे. श्वास घेतल्यावर जो बंद ताणला तो सैल करायचा. कारण त्याला त्या चिलखतात नुसतं उभं राहायचं नाही, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचाय. ज्याचा श्वास अडकला त्याचं वाक्य अडकलं.

अंग हलतं, घामाने निसरडं होतं. बंडी अंगाबरोबर हलते. आणि चिलखत बंडीला लटकलं की सगळं एकत्र हलतं, काही एक दुसऱ्याला ढकलत नाही. तुझी छाती गळ्याला लागते कारण मांडी तिला खालून ढकलते आणि तिला खाली धरून ठेवणारं काही नाही.

अजून एक. खऱ्या चिलखतात चार आईना म्हणून प्रकार होता, नावाप्रमाणे चार पत्रे, एक छातीला, एक पाठीला, दोन बगलांना, आणि चामडी पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले. बगलेचे जे दोन पत्रे असतात त्यांना वर अर्धगोल कापलेलं असतं, हाताला जागा म्हणून. तुझ्या चिलखताच्या बगला नीट बघ. मला वाटतं त्या उथळ असणार, म्हणून हात वर केला की दंड कडेला लागतो आणि वाटी फाकते. दोन बोटं खोल काप. पुण्याचा आहेस तर केळकर संग्रहालयात एक चक्कर मार. मुंबईत जाशील तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत आहे, तेही बघून ये. कडा कशा कापल्यात आणि पट्टे कुठे लावलेत एवढंच बघ, नक्षीकडे नंतर.

डोंगरवारा

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आणि एकदम डोक्यात लख्ख पडलं, मी दर पावसाळ्यात सह्याद्रीत सॅक घेऊन फिरतो, सॅकचं ओझं खांद्यावर नसतं तर कमरेच्या पट्ट्यावर असतं, खांद्याचे पट्टे फक्त सॅक मागे झुकू नये म्हणून. कमरेचा पट्टा सोडून चाललं की एका तासात खांदे भरून येतात. हे मला इतकी वर्षं माहीत असून चिलखताला लावता आलं नाही.

बगला मोजल्या. कड दंडाला तीन सेंटीमीटर आधीच अडत होती. आज कापतो.

माळ्यावर एक जुनी सॅक आहे, तळ फाटलेला पण हार्नेस चांगला. त्याचा कमरपट्टा आणि छातीचं बकल काढून बंडीला लावलं तर चालेल का? ताई, बंडी शिवायची कशी ते जरा नीट सांगाल का, मला सरळ टीप येते, त्यापलीकडे फारसं नाही.

शिवणटिपण

चालेल काय, उत्तम होईल.

बंडीसाठी मांजरपाटच घ्या, दोन मीटर पुरेल, आधी भिजवून वाळवून इस्त्री करा कारण तो आटतो. तुमचा अंगाला बसणारा जुना टीशर्ट कापून पॅटर्न करा, बाह्या नकोत, लांबी कमरेच्या हाडापर्यंत. दोन पदर. पुढून उघडी ठेवा आणि तिथे सॅकचं बकल. बाजूला दोन्हीकडे चार बोटं इलॅस्टिक घाला, म्हणजे श्वासाला जागा राहील, काका म्हणाले ते अगदी बरोबर आहे.

आता पट्टे. दीड इंची पट्टा घ्या, दप्तराला असतो तो. एक पट्टा डाव्या कमरेपासून निघून डाव्या खांद्यावरून पाठीत उतरून परत कमरेपर्यंत, तसाच उजवीकडे. हे दोन पट्टे बंडीवर पूर्ण लांबीने शिवायचे, नुसते टोकांना नाही. सगळा भार यांच्यावर येणार. खांद्यावर जिथे वाटी येते तिथे या पट्ट्यात डी कडी (इंग्रजी डीच्या आकाराची धातूची कडी) ओवून घ्या. छातीच्या भागासाठी वर दोन, खाली दोन अशी चार ठिकाणं. खालची दोन विसरू नका, तीच छातीला खाली धरून ठेवणार.

चिलखताच्या आतून रेक्झिनच्या चौकोनावर त्या-त्या जागी साइड रिलीज बकलचा (दोन्ही बाजूंनी दाबून सुटतं ते) एक भाग, बंडीला दुसरा भाग. मी बकल म्हणतेय, वेल्क्रो नाही, कारण वेल्क्रो सरकवायच्या दिशेने घट्ट धरतो पण सोलायच्या दिशेने लगेच सुटतो, आणि बसताना छाती नेमकी सोलली जाते. शिवाय चालताना त्याचा चरचर आवाज येतो. वेल्क्रो ठेवायचा तर दोन भाग एकमेकांवर चढतात तिथे, बरगडीला, नीट बसावं म्हणून.

एडिसनकर

चुंबकाचं कोणी विचारायच्या आधी सांगतो, निओडायमियमचे चुंबक बरोबर उलटे वागतात, सरळ ओढले तर भलते घट्ट आणि बाजूला सरकवले तर सटकन सरकतात. म्हणून खांद्याला किंवा छातीला नको. पट्ट्यावरच्या डब्यांची झाकणं, व्हेडरच्या छातीवर बटणांचा बॉक्स असतो त्याचा पुढचा पत्रा, असल्या ठिकाणी छान. लहान मुलं घरात असतील तर चुंबक मोजून ठेवा, पोटात गेले तर जीवावर बेततं.

खांद्याच्या वाट्यांना माझं उत्तर जपानी आहे. व्हेडरचं शिरस्त्राण सामुराईंच्या काबुतोवरून, म्हणजे त्यांच्या शिरस्त्राणावरून, बेतल्यासारखं दिसतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये त्यांची चिलखतं तासभर बघत उभा होतो तेव्हा मला दिसलं ते खांद्याचं. खांद्याचे पत्रे चिलखताला घट्ट जोडलेले नसतात, दोऱ्यांनी खांदपट्टीवरून नुसते लटकवलेले असतात. हात वर गेला की पत्रा वर जातो, खाली आला की आपल्या वजनाने जागेवर येतो. मी माझ्या दुसऱ्या व्हेडरला तसंच केलं. मानेच्या बाजूने दोन लहान पट्टे, एक पुढे एक मागे, डी कडीतून, आणि दंडाला आतून रुंद इलॅस्टिकचं कडं. बस्स, वाटी दिवसभर जागेवर.

प्रयोगशाळा

धागा आवडला, पण इतक्या प्रतिसादांत गोंदाच्या वाफेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी रसायनशास्त्र शिकवते.

फोमला जे पिवळं सोल्युशन लावतात, चप्पल दुरुस्तीला वापरतात ते, त्यात टोल्युइनसारखे द्रावक असतात. साधा कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क त्यांची वाफ अडवत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. गच्चीत किंवा बाल्कनीत काम करा, आणि जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नको, वाफ पेट घेते.

दुसरं, योगा मॅट कापून चिलखत करणारे बरेच आहेत. सगळ्या मॅट ईव्हीएच्या नसतात, बऱ्याचशा पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसी तापवून जळालं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. त्यामुळे हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लावायच्या आधी दुकानदाराला विचारून खात्री करा. ईव्हीएला हीट गन नेमकी किती वेळ लावायची याची खूण डोळ्यांना दिसते, निस्तेज पृष्ठभागावर एकदम हलकी चकाकी येते, तिथे थांबायचं. तेवढ्याने वरची छिद्रं मिटतात आणि रंग कमी पितो. तपकिरी व्हायला लागलं म्हणजे तुम्ही उशीर केलात.

सोल्युशनचं तंत्रही सांगते कारण बऱ्याच जणांचे जोड याच्यामुळे सुटतात. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं वाट, बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटेल पण बोटाला तार येणार नाही, मगच जोडायचं, आणि जोडताना पूर्ण ताकदीने दाबायचं. ओलं असताना जोडलं तर आतलं द्रावक अडकून राहतं. वाकणाऱ्या जागी इन्स्टंट ग्लू नको, तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच वाकण्यात तडकतो.

गोदाकाठ

मी नाशिकची, माझा सात वर्षांचा मुलगा फॅन्सी ड्रेसला हाच काळा माणूस हवा म्हणून हटून बसलाय. फोम वगैरे आमच्याच्याने होणार नाही. पुठ्ठ्यात काही करता येईल का? दहा मिनिटं अंगावर राहिलं तरी पुरे.

शिवणटिपण

नक्की होईल ताई. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याच्या आतल्या कागदी नळ्यांच्या दिशेला आडवं ओलं फडकं फिरवून लाटण्यावर वाकवा, छान गोलाई येते. त्याच्या शाळेच्या दप्तराचे पट्टे जसे खांद्यावरून येतात तसे दोन पट्टे पाठीत फुली करून लावा, खांद्यावरून पडणार नाही. मागे शिवलेलं रुंद इलॅस्टिक, म्हणजे त्याला स्वतःला काढता येईल. शिरस्त्राण मात्र पूर्ण बंद करू नका, मुलं वळून बघतात आणि पायरी चुकते, पुढून डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत मोकळं ठेवा आणि ओठांवर काळी जाळी शिवा.

डोंगरवारा

तीन आठवड्यांनी परत आलोय, सविस्तर लिहितो.

रविवारी सकाळी बोहरी आळीत गेलो. दीड इंची पट्टा, आठ साइड रिलीज बकल, डी कड्या, पितळी वायसर सगळं एका गल्लीत मिळालं. स्क्रूसाठी एका दुकानदाराने फार चांगली गोष्ट दाखवली, जुन्या जाड वहीखात्यांना लावायचे ते बाइंडिंगचे स्क्रू, एका बाजूला नळी दुसऱ्या बाजूला स्क्रू, दोन्ही डोकी सपाट. आतून रेक्झिन, मग फोम, बाहेरून वायसर आणि हा स्क्रू. वर २ मिलीमीटरच्या फोमची पट्टी चिकटवली की स्क्रू दिसत नाही, आणि बिघडलं तर नाण्याने फिरवून काढता येतो. रिव्हेट मारला असता तर ते जमलं नसतं.

बंडी बहिणीने आणि मी मिळून शिवली. पूर्ण शनिवार गेला. पहिल्यांदा घालून सगळे बकल लावले आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. छाती दोन बोटंसुद्धा वर आली नाही. उठलो, हात वर केले, पंख्याच्या पात्याला हात लागेल इतके वर. दोन्ही वाट्या वर गेल्या आणि हात खाली आणला तशा आपोआप जागेवर येऊन बसल्या, हलका टप्प आवाज करून. बहीण टाळ्या वाजवत होती आणि मी काहीच बोलू शकलो नाही. चार महिने मी जे आरशात बघायला बसलो होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा हललं.

काका, तुमचा श्वासाचा नियमही पाळला, बहिणीने प्रत्येक बकल लावून झाला की मला मोठा श्वास घ्यायला सांगितलं. डाव्या बगलेखालचा एक सैल करावा लागला.

झग्याची केप आधी गळ्याला बांधणार होतो, तीन मीटर कापड आहे, वजनदार, मागे ओढते. आता ती मागच्या दोन डी कड्यांना हुकाने लावलीय, समोरची साखळी फक्त दिसायला. गळा मोकळा.

नडग्या अजून सरकतात. काय करू?

एडिसनकर

नडगीला वरून आवळू नका, पोटरी निमुळती असते त्यामुळे कितीही आवळलं तरी खालीच येणार. खालून अडवा. बुटाच्या पुढच्या बाजूला, घोट्याच्या वर, वेल्क्रोची मऊ पट्टी शिवून घ्या, चांभाराकडे पाच मिनिटांचं काम आहे, आणि नडगीच्या आत खाली काटेरी पट्टी. इथे वेल्क्रो योग्य कारण इथे ओढ खाली, सरकायच्या दिशेने आहे. वर गुडघ्याखाली फक्त सैल इलॅस्टिक.

आणि काका, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. व्हेडरचा पोशाख राल्फ मॅक्वेरी या चित्रकाराच्या चित्रावरून केला जॉन मोलो यांनी, मूळचे जुन्या लष्करी गणवेशांचे अभ्यासक. पहिली जुळणी त्यांनी लंडनच्या एका भाड्याने पोशाख देणाऱ्या कपडेपटात केली, मोटारसायकलवाल्याचा सूट एका विभागातून, गॅस मास्क दुसऱ्या, जर्मन हेल्मेट तिसऱ्या, आणि झगा मध्ययुगीन साधूंच्या कपाटातून. त्या सिनेमाच्या वेशभूषेचं ऑस्कर मोलोंना मिळालं. मग पाच वर्षांनी, १९८३ च्या समारंभात त्यांना दुसरं मिळालं, गांधी या चित्रपटासाठी, आणि ते त्यांनी वाटून घेतलं ते भानू अथैयांबरोबर.

कपडेपट_काका

भानूताई आमच्या कोल्हापूरच्या. १९२९ चा जन्म, राजोपाध्ये त्यांचं माहेरचं नाव. भारताचं पहिलं ऑस्कर त्यांचं, हे आम्हा कपडेपटवाल्यांना कोणी सांगायला लागत नाही. पण त्यांच्याबरोबर ज्या माणसाने ते घेतलं त्यानेच हा काळा राक्षस भाड्याच्या कपड्यांतून उभा केला, हे मला या वयात कळतंय. नातवाला दोनदा वाचायला लावलं.

साधूचा झगा, शिपायाचं टोप, मोटारीवाल्याचा सूट. आम्ही तेच करायचो. एका नाटकाची शेरवानी दुसऱ्याचा अंगरखा व्हायची, बंद बदलायचे फक्त.

बाळा, सामानाच्या पिशवीत सुई, काळा जाड दोरा, दोन बकल जास्तीचे, सेफ्टी पिना आणि दोन हात नाडी ठेव. प्रयोगाच्या दिवशी तुटतं ते घरी कधीच न तुटलेलं असतं. आणि कोणी तरी बरोबर ने ज्याला सगळे बंद माहीत आहेत.

प्रयोगशाळा

आणि पाणी. फोम म्हणजे उष्णता रोखणारा पदार्थ, काळा रंग, वर झगा, आत बंडी, डोकं बंद. शिरस्त्राणात ५ व्होल्टचा छोटा पंखा पॉवर बँकेवर लावा, हवा बाहेर फेकणारा, काचांवर वाफही धरणार नाही. दर पाऊण तासाला शिरस्त्राण काढून दहा मिनिटं बसायचं आणि मीठ-साखरेचं पाणी. घाम यायचा थांबला किंवा डोकं हलकं वाटलं तर लगेच सगळं उतरवायचं. त्यासाठी घरी एकदा घड्याळ लावून बघा, पूर्ण पोशाख उतरवायला किती वेळ लागतो.

डोंगरवारा

मोजलं. चढवायला बहिणीच्या मदतीने १९ मिनिटं, उतरवायला चार. शिरस्त्राण, छाती आणि पाठ एवढं मोकळं करायला एकट्याने ५० सेकंद, कारण तिथे सगळी बकलंच आहेत. क्रम भिंतीवर लिहून लावलाय, बूट, नडग्या, बंडी, पाठ, छाती, वाट्या, झगा, पट्टा, केप, हातमोजे, शिरस्त्राण. हातमोजे आधी घातले की बकल लागत नाहीत, हे दोनदा झालं.

डोंगरवारा

काल जाऊन आलो!!

सकाळच्या गाडीने गेलो, पाठ छातीच्या आत, वाट्या एकमेकांत, सगळं एका खोक्यात बसलं. पाच तास अंगावर होतं, मध्ये चार वेळा शिरस्त्राण उतरवून बसलो. एकही बंद सुटला नाही. काकांनी सांगितलेल्या पिशवीतली नाडी मात्र कामाला आली, माझ्या नाही, शेजारी एक मुलगा पंख लावून आला होता आणि त्याचा खांद्याचा पट्टा तुटला, बहिणीने तिथेच जिन्यावर बसून त्याला पाठीत फुली करून बांधून दिला.

एक साधारण पाच वर्षांची मुलगी आली, आधी आईच्या मागे लपली, मग पुढे आली आणि छातीच्या बॉक्सवरचं लाल बटण दाबलं. मी खाली वाकलो, एका गुडघ्यावर बसलो तिच्यासमोर. हे मला दीड महिन्यापूर्वी करता आलंच नसतं, छाती गळ्यात घुसली असती. तिने दुसरं बटणही दाबलं.

सुधारायचं एकच, उजव्या नडगीचा वेल्क्रो शेवटी घामाने आणि धुळीने भरला होता, आता ब्रशने साफ करतोय. आणि येताना वस्तुसंग्रहालयात जाऊन आलो काका. कडाच बघितल्या आधी.

गोदाकाठ

आमचाही झाला हो! पुठ्ठा लाटण्यावर वाकवला, पाठीत फुली. दुसरा नंबर आला, पण त्याचं नंबराकडे लक्षच नव्हतं, रात्री तो चिलखत घालूनच झोपायचं म्हणत होता. इलॅस्टिकमुळे झोपल्यावर हळूच काढता आलं.

कपडेपट_काका

दोघांचंही वाचून फार बरं वाटलं.

आता ऐक बाळा. आमच्या गल्लीतलं मंडळ यंदा जिवंत देखावा करतंय, सीताहरण. रावणाचं काम करणारा पोरगा तालमीत जाणारा आहे, जुनं पत्र्याचं कवच त्याला होत नाही आणि थर्माकोल तर २०१८ पासून बंदच आहे. दिवसाला दहा वेळा देखावा होणार, म्हणजे दहा वेळा त्याला हात वर करून जटायूवर तलवार मारायचीय. बगला खोल लागतील.

छाती ४४, खांदे १९, मान १७, कमर ३६, उंची ५ फूट ११. बंडी इकडे मी बघतो, शेजारची शिवून देईल. फोमचं तू सुरू कर.

डोंगरवारा

मापं लिहून घेतली काका. दंडाचा घेर आणि बगलेपासून कमरेपर्यंतची लांबी पण घेऊन ठेवाल का, आणि घेताना त्याला मोठा श्वास घ्यायला सांगा.